नाट्यगृह उभे राहील. गळ्यासाठी लिहिणार कोण?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. उजाडला तो दिवस संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेल्या या वास्तूचे छप्पर, रंगमंच आणि प्रेक्षागृह एका रात्रीत गेले. उरल्या त्या काळवंडलेल्या दगडी भिंती. शहरातले रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून डोळे पुसत होते. शेजारच्या खासबाग मैदानातील कुस्त्या पाहत आणि या नाट्यगृहातील नाटके ऐकत कोल्हापूरच्या चार पिढ्या वाढल्या. त्यामुळे आपल्याच घराला आग लागली, अशी गावाची भावना झाली असेल तर नवल नाही.

त्यानंतर जे घडले ते अपेक्षितच होते. शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि वास्तू पूर्वीसारखीच उभी करण्याची ग्वाही दिली. आग कशी लागली, अग्निशमनाची व्यवस्था कशी होती, मूळ दगडी बांधकाम किती वाचेल, काम कोणाला द्यायचे, यावर वाद झाले. नाट्यगृह महापालिकेचे, म्हणजे नागरिकांच्या मालकीचे असल्याने असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण या गदारोळात आणखी एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. ज्या गायकाचे नाव या वास्तूला दिले, त्याच्यासारख्या गायकासाठी आज कोणी काही लिहिते आहे काय? लिहीत नसेल, तर नव्या रंगमंचावर आपण नेमके काय ऐकणार आहोत?

हा प्रश्न कवींना सुचणारा हळवा प्रश्न वाटेल. तो तसा नाही. नाट्यगृहे जळणे आणि पुन्हा उभी राहणे हे जगाला नवे नाही. ती उभी राहिल्यानंतर त्यांत प्राण कशामुळे येतो, हे पाहायचे तर इंग्लंडमधील एका खेड्यातली आग समजून घ्यावी लागेल.

सफोकमधली आग

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यात ऑल्डबरा नावाचे मासेमारांचे छोटे गाव आहे. विसाव्या शतकातील थोर इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन तेथे राहत असे. आपल्या मित्रांसमवेत त्याने १९४८ मध्ये तेथे संगीतमहोत्सव सुरू केला. गावात मोठे सभागृह नव्हते, म्हणून जवळच्या स्नेप येथील माल्टिंग्जची, म्हणजे बिअरसाठी सातू भिजवून वाळवण्याच्या जुन्या कारखान्याची इमारत घेऊन तिचे संगीतगृह केले. जून १९६७ मध्ये ते सुरू झाले. दोनच वर्षांनी, ७ जून १९६९ रोजी, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते जळून खाक झाले.

पण महोत्सव थांबला नाही. मोझार्टचा ठरलेला ऑपेरा ब्लिथबर्ग या गावच्या चर्चमध्ये हलवण्यात आला. संगीतगृह एका वर्षाच्या आत पुन्हा बांधून झाले आणि जून १९७० च्या महोत्सवाला ते सज्ज होते. एवढ्या झपाट्याने काम कसे झाले, याचे उत्तर केवळ इंग्रजांच्या शिस्तीत शोधू नये. त्या संगीतगृहासाठी नव्या रचना लिहिल्या जात होत्या, त्या वाजवणारे वादक ठरलेले होते, आणि पुढच्या वर्षी काय ऐकायचे याची वाट पाहणारे श्रोते होते. वास्तूला काम होते, म्हणून ती लवकर उभी राहिली.

त्या कामाचा एक भाग म्हणजे ब्रिटनने म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच या एकाच रशियन वादकासाठी लिहिलेल्या रचना.

एका माणसासाठी लिहिणे

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य. वादक खुर्चीवर बसतो, ते गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. त्याचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या फार जवळचा. आपल्याकडे सारंगीबद्दल म्हणतात तसेच तिकडे चेलोबद्दल म्हणतात, की ते वाद्य गाते. सप्टेंबर १९६० मध्ये लंडनला शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची एक चेलो-रचना रोस्त्रोपोविचने वाजवली. तीही त्याच्यासाठीच लिहिलेली होती. ब्रिटन श्रोत्यांत होता. मैफलीनंतर शोस्ताकोविचने दोघांची ओळख करून दिली, आणि रोस्त्रोपोविचने पहिल्याच भेटीत आपल्यासाठी काही लिहिण्याची गळ घातली.

त्यातून पाच रचना झाल्या. १९६१ मध्ये चेलो आणि पियानोसाठी एक, १९६३ मध्ये चेलो आणि वाद्यवृंदासाठी एक, आणि मग १९६४, १९६७ व १९७१ मध्ये एकट्या चेलोसाठी तीन ‘स्वीट’, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांच्या रचनामाला. रोस्त्रोपोविच एक गंमत सांगत असे. एका राजघराण्यातील महिलेसमोर आपण भर दिवाणखान्यात नाटकी लवून मुजरा करणार, अशी धमकी त्याने दिली. संकोची ब्रिटनने तो प्रकार टाळण्यासाठी हॉटेलातल्या मेन्यूकार्डावर लेखी करार करून दिला, की तू हे करू नकोस, मी तुला चेलोसाठी सहा मोठ्या रचना लिहून देईन. तीनच मालांपर्यंत मजल गेली. पण संगीतकार आणि वादक यांच्यात किती मोकळे नाते होते, ते यावरून कळते.

एकट्या चेलोसाठी लिहिणे कठीण असते. साथीला पियानो नाही, तबल्यासारखा ठेका नाही. एकाच माणसाने धून, आधारस्वर आणि लय सांभाळायची. पहिल्या मालेतील एक तुकडा गज बाजूला ठेवून केवळ बोटांनी छेडायचा आहे. दुसऱ्या एका तुकड्यात एकच स्वर आपल्या तंबोऱ्यातल्या षड्जासारखा सतत धरून ठेवायचा आणि त्याच्या भोवती बाकीचे सूर खेळवायचे आहेत. समोर रोस्त्रोपोविचसारखा वादक नसता, तर ब्रिटनने हे धाडस केले असते का, याची शंका आहे. वादकाची ताकद पाहून लेखणीचा पल्ला वाढला.

तिसऱ्या मालेची कहाणी या दोघांच्या पलीकडे जाते. सोव्हिएत सरकारच्या रोषास पात्र झालेले लेखक सोल्झेनित्सिन यांना रोस्त्रोपोविचने आपल्या घरी आसरा दिला, आणि १९७० मध्ये त्यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले. परिणामी त्याच्या परदेशवाऱ्या बंद झाल्या. ब्रिटनने १९७१ मध्ये तिसरी माला लिहिली ती रशियन लोकगीतांच्या तीन धुनी आणि मृतात्म्यांसाठी म्हटली जाणारी ऑर्थोडॉक्स चर्चची एक प्रार्थना घेऊन. पण वादकच देशाबाहेर येऊ शकत नव्हता. दुसऱ्या कोणाकडून ती वाजवून घेणे अशक्य नव्हते, तरी रचना थांबून राहिली. १९७४ मध्ये रोस्त्रोपोविचने रशिया सोडला आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला, स्नेपच्या पुन्हा बांधलेल्या त्याच संगीतगृहात, ती प्रथम वाजली. ब्रिटन तेव्हा आजारी होता. १९७६ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. पहिल्या दोन मालांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या रोस्त्रोपोविचने तिसरीचे ध्वनिमुद्रण कधीच केले नाही. आज मात्र जगभरचे चेलोवादक तिन्ही माला वाजवतात. एका माणसासाठी लिहिलेले संगीत, कागदावर नीट उतरलेले असल्यामुळे, सगळ्यांचे झाले.

कोल्हापूरची परंपरा

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. गळा ओळखून रचना करण्याची विद्या कोल्हापूरच्या मातीत चांगली रुजलेली होती.

शाहू महाराजांच्या दरबारी असलेले उस्ताद अल्लादियाखाँ यांचे उदाहरण घ्या. तारुण्यात अतिगायनाने त्यांचा मूळ आवाज गेला. पुन्हा गाता येऊ लागले तेव्हा गळा पूर्वीचा राहिला नव्हता. मग त्या नव्या गळ्याला झेपेल अशी, गुंफलेल्या वक्र तानांची गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख म्हणून आज जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग एका दुखावलेल्या गळ्याशी केलेल्या तडजोडीतून आला. इथे रचनाकार आणि गायक एकच होता, एवढाच काय तो फरक. पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या दोन शिष्या एकाच गुरूकडून शिकूनही एकमेकींसारख्या गायल्या नाहीत.

नाटकाच्या बाजूने पाहायचे तर गोविंदराव टेंबे यांचे नाव घ्यावे लागते. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याला १८८१ मध्ये जन्मलेले गोविंदराव हार्मोनियमचे थोर वादक आणि अल्लादियाखाँच्या गाण्याचे निस्सीम भक्त. अण्णासाहेब किर्लोस्कर, गोविंद बल्लाळ देवल यांच्या काळात नाटककारच बहुधा लोकांच्या कानांवरच्या चाली घेऊन त्यांत पदे बसवीत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’साठी मात्र चाली देण्याचे काम टेंब्यांकडे आले. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. समोर दोन ठरलेले गळे होते. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. टेंब्यांनी पूरब अंगाची ठुमरी, कजरी असे नवे रंग मराठी रंगभूमीवर आणले, ते या गळ्यांना काय शोभेल हे ओळखून.

पुढे काय झाले? जोगळेकर लवकरच निवर्तले. त्यांच्यासाठी बांधलेली धैर्यधराची पदे इतरांकडे गेली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर होते कोल्हापूरचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर आले. जोगळेकरांसाठी घडलेली पदे केशवरावांच्या बुलंद आवाजात नव्याने उभी राहिली. त्यानंतर मास्टर दीनानाथांच्या गळ्यात याच पदांनी आणखी तिसरे रूप घेतले. इंग्रजी चेलो-मालांचे जे झाले, तेच इथे झाले. एका गळ्यासाठी नेमके लिहिलेले दुसऱ्या गळ्याला आव्हान देते. कोणासाठीच न लिहिलेले बहुतेक वेळा कोणालाच आव्हान देत नाही.

त्या प्रयोगानंतर तीन महिने लोटण्याआधीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. लहानपणी ‘शारदे’ची भूमिका करून नाव मिळवलेल्या या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, १९०८ मध्ये, स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली होती. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाने त्या मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या. म्हणजे केशवरावांच्या मोठेपणात त्यांच्या गळ्याइतकाच त्या गळ्यासाठी विचार करणाऱ्या गवयांचा आणि नाटककारांचाही वाटा होता. नाट्यगृहाला नाव देताना आपण गायकाचे दिले, ते योग्यच. पण त्या नावामागे उभी असलेली ही माणसे आपण विसरलो.

दुसरी बाजू

इथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. गायकासाठी लिहिण्याच्या याच प्रथेने संगीत नाटकाचा गळा घोटला, असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांवर पद तीन-तीनदा गायले जाई, नाटक पहाटेपर्यंत चाले, आणि धैर्यधराला आपण युद्धावर निघालो आहोत याचे भान राहत नसे. कथानक थांबे आणि मैफल चाले. १९३२ मध्ये याच कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचे होते. ‘मानापमाना’चे संगीतकारच बोलपटाकडे वळले. प्रेक्षकही वळला, कारण बोलपट दोन-अडीच तासांत संपत असे आणि त्यात नायक गोष्ट सोडून गात बसत नसे.

परंतु या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. गायकासाठी लिहिणे वेगळे, आणि लिहिलेले गायकाच्या स्वाधीन करणे वेगळे. ब्रिटनने रोस्त्रोपोविचसाठी लिहिले, पण कोणता स्वर किती वेळ आणि गज कोठून कोठे, हे स्वतः ठरवून कागदावर उतरवले. वादक त्याचा मित्र होता, मालक नव्हता. आपल्याकडे पदाचा सांगाडा तेवढा हाती राहिला, आणि बाकीचे सारे त्या त्या रात्रीच्या गायकावर, त्याच्या मर्जीवर आणि पिटातल्या टाळ्यांवर सोपवले गेले. आपल्या गायकीत उपजेला स्थान आहे आणि ते असावेच. पण नाटकाच्या पदाला चौकट नसेल तर नाटक उरत नाही. तेव्हा दोष गळ्यासाठी लिहिण्यात नव्हता. लिहिणाऱ्याचा अधिकार सुटण्यात होता.

कागदाच्या महत्त्वाचे आणखी एक उदाहरण आहे. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा माला लिहिल्या. कोणासाठी लिहिल्या, हे नक्की ठाऊक नाही. दीर्घकाळ त्या सरावाचे धडे म्हणूनच ओळखल्या गेल्या. मग पाब्लो कासाल्स या स्पॅनिश वादकाने मुलगा असताना १८९० मध्ये बार्सिलोनातल्या एका दुकानातून त्यांची प्रत घेतली आणि पुढे त्या मैफलीत आणल्या. कागद होता, म्हणून मूळ वादकाचा पत्ता नसतानाही संगीत परत आले. आपल्या किती चाली केवळ गळ्याबरोबर गेल्या, याचा हिशेब कोण देणार?

आता काय करायचे

मग कोल्हापूरने करायचे काय? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट बांधकामाचीच आहे. पॅलेस थिएटर उभे राहिले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गायकाचा उघडा आवाज पोहोचला पाहिजे, हीच त्या वास्तूची कसोटी होती. आता दर्शनी भाग, दगड, खुर्च्यांची संख्या आणि वातानुकूलन यांची चर्चा होईल. पण हे नाट्यगृह माइकसाठी बांधायचे की गळ्यासाठी, हे आधी ठरवावे लागेल. वास्तू हेही एक वाद्यच असते. स्नेपचे संगीतगृह पुन्हा बांधताना पहिल्या वास्तूचा नाद हरवू नये, याची काळजी घेतली गेली. इथेही काम सुपूर्द करून घेण्यापूर्वी ध्वनिक्षेपक बंद ठेवून गायक, नट आणि सारंगी-हार्मोनियम यांची चाचणी व्हावी. शेवटच्या रांगेत ऐकू आले नाही, तर काम पूर्ण झाले असे मानू नये.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. बांधकामाचा खर्च कोटींच्या घरात आहे. त्याच्या मानाने दरवर्षी एका संगीतकाराला आणि एका नाटककाराला मोबदला देऊन एका ठरलेल्या कलावंतासाठी नवी रचना करवून घेण्याचा खर्च किरकोळ आहे. तो कलावंत गायक असेल, नट असेल, सतार किंवा चेलो वाजवणारी मुलगीही असेल. अट एवढीच, की लिहिणाऱ्याने त्या माणसासमोर बसून, त्याचा पल्ला आणि त्याच्या मर्यादा ओळखून लिहावे. शहरात गायन समाज देवल क्लबसारखी जुनी संस्था आहे, शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. निवड कोण करणार, वशिला लागणार नाही कशावरून, हे प्रश्न येतील. निवड समितीत बाहेरगावचे जाणकार घ्यावेत, निवडीची कारणे जाहीर करावीत, आणि एका कलावंताला दुसऱ्यांदा संधी देऊ नये. तरीही काही निवडी चुकतील. त्या भीतीने काहीच न करणे हे त्याहून मोठे नुकसान आहे.

तिसरी गोष्ट जतन करण्याची. जी रचना होईल तिचे स्वरलेखन आणि ध्वनिमुद्रण नाट्यगृहातच एका खोलीत ठेवावे, आणि मागेल त्या विद्यार्थ्याला ते पाहता व ऐकता यावे. अग्निरोधक कपाटाबरोबरच त्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. ८ ऑगस्टच्या रात्रीनंतर हे कोल्हापूरला समजावून सांगण्याची गरज नाही.

नाट्यगृहाच्या उद्घाटनाचा दिवस येईल तेव्हा मंत्री येतील, सत्कार होतील, जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम होईल. तो व्हावा. टेंबे, वझेबुवा, बखलेबुवा यांच्या चाली तेथे गुंजल्या नाहीत तर ती वास्तू मुकीच वाटेल. पण त्या सर्व चाली कधीतरी नव्या होत्या, आणि कोणा एकासाठी होत्या. त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ अशी असावी, की अमुक रचना या वर्षी लिहिली गेली, आणि ती कोल्हापुरातल्या अमुक गायिकेसाठी किंवा वादकासाठी लिहिली. ती ओळ छापायची असेल, तर लिहिणाऱ्याला आणि गाणाऱ्याला आजच एकत्र बसवावे लागेल. छप्पर पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.